नगरच्या किल्ल्यात कैद असलेल्या नेहरूंनी पुण्याहून फुलांचं बी मागवलं होतं..

नेहरू म्हटलं की शेरवानीवरचं गुलाबाचं फूल आठवतं. पण याच नेहरूंनी नगरच्या किल्ल्यात भर उन्हात फावडं घेऊन फुलझाडांचे वाफे खणले होते.

तर झालं असं की, ८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत छोडो भारतचा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच धरपकड सुरू झाली. गांधीजींना पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये ठेवलं. नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशा मंडळींना नगरला आणून निजामशाहीच्या भुईकोट किल्ल्यात बंद केलं. सुटका कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

समोरचं अंगण उघडंबोडकं होतं. तिथं बाग करायची कल्पना आझादांची. पुण्याहून बी मागवलं, तीस-चाळीस जातींचं!

गडी नवखा नव्हता. केंब्रिजमध्ये रसायन आणि भूगर्भशास्त्रासोबत ते वनस्पतीशास्त्रही शिकले होते आणि आधी डेहराडूनच्या तुरुंगातही त्यांनी बाग केली होती.

खरी अडचण जमिनीची होती. माती कमी, दगडगोटे आणि जुन्या बांधकामाचा राडारोडा जास्त. खणता खणता गाडलेल्या भिंती लागायच्या, घुमटांचे माथे लागायचे. एकदा तर कमळ कोरलेली शिळा निघाली. आता कैद्यानं किल्ल्यात खोल खणणं कुठल्या अधिकाऱ्याला पटेल? त्यामुळं वरवरच खणावं लागायचं.

तरी बी रुजलं. रोज पाणी घालायचं, तण काढायचं आणि कोंब वर येताना सगळ्यांनी बघत बसायचं. अंगण फुलांनी भरलं. पण कैद ती कैदच. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्यात आझादांच्या पत्नी वारल्या, तेव्हा आझाद किल्ल्यातच होते.

मातीत जुनी नगरी सापडत होती, पण खोल जाता येत नव्हतं. मग एप्रिल १९४४ मध्ये नेहरूंनी फावडं ठेवून लेखणी उचलली आणि पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढलं. या बागेचा आणि खणण्याचा उल्लेख त्या पुस्तकाच्या सुरुवातीलाच आहे.

मार्च १९४५ मध्ये त्यांना नगरहून हलवलं. १५ जूनला अल्मोड्याच्या तुरुंगातून ते सुटले, तेव्हा १०४१ दिवस झाले होते. नऊ तुरुंगवासांपैकी हा सगळ्यात मोठा. पुढं ते पंतप्रधान झाले आणि २७ मे १९६४ ला गेले. किल्ल्यातली त्यांची खोली मात्र आजही जपून ठेवलेली आहे.