श्री गाडगे महाराज आणि सार्वजनिक वास्तूचा धर्म

सार्वजनिक वास्तू उभारण्यास द्रव्य लागते, परंतु ती चालविण्यास चारित्र्य लागते. द्रव्य वर्गणीने जमविता येते. चारित्र्याची वर्गणी मात्र ज्याची त्यानेच भरावी लागते. आज गावोगाव समाजमंदिरे आणि सभागृहे उभी राहत आहेत. आमचे अर्धापूरही त्यास अपवाद नाही. उद्घाटनाच्या दिवशी तोरणे लागतात, शिला बसविली जाते, देणगीदारांची नावे भिंतीवर चढतात. पुढे वर्ष दोन वर्षांत त्याच वास्तूचे काय होते, हे आम्ही सर्वांनी पाहिले आहे. कोठे अंगणात गवत माजते, कोठे किल्ली कोणाकडे असावी यावरून दोन तट पडतात, कोठे लग्नसराई सोडली तर वर्षभर दार उघडत नाही. म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने, ज्या पुरुषाने आयुष्यभर लोकांसाठी वास्तू उभारल्या आणि त्यांपैकी एकीतही स्वतःसाठी कोपरा राखून ठेवला नाही, त्या श्री गाडगे महाराजांचे चरित्र वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

महाराजांचा जन्म दिनांक २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे झाला. मूळ नाव डेबूजी, वडिलांचे नाव झिंगराजी आणि आडनाव जानोरकर. मातोश्रींचे नाव सखुबाई. घराणे आपल्या परीट समाजातील. झिंगराजींना मद्याचे व्यसन जडले आणि त्या व्यसनाने घराचा आणि अखेर त्यांच्या देहाचा नाश केला. पोरका झालेला डेबूजी आईसमवेत मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी आजोळी वाढला. गुरे राखणे, नांगर धरणे, मोट हाकणे यांतच त्याचे बालपण गेले. शाळेचा उंबरठा त्याने ओलांडला नाही. मामांची शेती सावकाराच्या कर्जात गेली तेव्हा निरक्षरता आणि कर्ज मिळून माणसाचा कसा बळी घेतात, याचा धडा त्या मुलास घरातच मिळाला. पुढे महाराजांनी आयुष्यभर जो उपदेश केला, त्यातील एकही गोष्ट पोथीतून घेतलेली नव्हती. दारूविषयी ते बोलत ते पित्याच्या मरणावरून, कर्जाविषयी बोलत ते मामांच्या शेतावरून.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. संसारात असतानाची एक गोष्ट समाजकार्य करणाऱ्यांनी विशेष ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मुलीच्या बारशास जातगंगेला मांस आणि मद्य यांचे जेवण घालण्याची त्या काळची रूढी होती. ती न पाळणारा मनुष्य भावकीत हलका ठरे. डेबूजींनी ही रूढी मोडली आणि पंक्तीस गोडाचे जेवण वाढले. भावकीने नाके मुरडली, कुरकुर केली. तथापि पंगत उठली ती जेवूनच उठली! समाजसुधारणा सभेतील ठरावाने होते त्याहून अधिक स्वतःच्या घरच्या कार्याने होते, हे त्यांनी ऐन तारुण्यात करून दाखविले.

दिनांक १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घराचा त्याग केला. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हाती खराटा आणि मातीचे फुटके गाडगे, एवढाच त्यांचा प्रपंच राहिला. भाकरी त्याच गाडग्यात घ्यावी, पाणी त्यातूनच प्यावे. त्यावरूनच लोक त्यांस गाडगेबाबा म्हणू लागले. घर सोडणारे साधू आपल्या देशात थोडे नाहीत. परंतु बहुतेकांनी अरण्याची वाट धरली. महाराजांनी गावाची धरली. एकांतात मुक्ती शोधण्याऐवजी त्यांनी गावचे गटार शोधले.

त्यांची कार्यपद्धती पाहण्यासारखी आहे. महाराज गावात येत ते कोणास वर्दी न देता. आल्याबरोबर रस्ता झाडावयास लागत. कोणी वेडा समजे, कोणी भिकारी समजे. हळूहळू गावकरी भोवती जमत, कोणी तरी लाजून हाती झाडू घेई आणि दिवस मावळेपर्यंत ज्या जागेकडे कोणी फिरकत नव्हते ती जागा स्वच्छ होऊन जाई. सायंकाळी त्याच जागेवर कीर्तन होई. काम केल्यावाचून भाकर घ्यावयाची नाही हा त्यांचा कटाक्ष असे. पायांवर डोके ठेवू पाहणाऱ्यांना ते दूर सारीत. त्यांनी कोणास शिष्य केले नाही आणि कोणाचे गुरुपद स्वीकारले नाही.

कीर्तनाचा थाटही आगळाच होता. भाषा रोकडी वऱ्हाडी. महाराज श्रोत्यांस प्रश्न विचारीत आणि श्रोत्यांच्याच तोंडून उत्तर काढून घेत. कर्ज काढून सण करावा काय, देवाच्या नावाने मुका जीव मारावा काय, माणसाने माणसाचा विटाळ मानावा काय, असे त्यांचे प्रश्न असत. हजारो माणसे एकमुखाने नकार देत आणि तो नकार घेऊन घरी जात. जेवणाचे ताट मोडावे लागले तरी चालेल, पण मुलास शाळेत घालावे, हा त्यांच्या कीर्तनाचा ठरलेला निष्कर्ष असे. ऐकणारा केवळ श्रोता राहत नसे, तो साक्षीदार होई. सभेत वक्त्याने एकट्याने बोलत राहावे आणि समाजाने जांभया द्याव्यात, असा प्रकार त्यांच्या कार्यक्रमात कधी घडला नाही.

या कीर्तनांतूनच पुढे वास्तू उभ्या राहिल्या. १९०८ साली ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर त्यांनी घाट बांधविला. तेथील यात्रेत लोकांचे होणारे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. याच यात्रेत आंधळ्या-पांगळ्यांस अन्न आणि वस्त्र देण्याची प्रथा त्यांनी पाडली. पुढे पंढरपूर, आळंदी, नाशिक, मूर्तिजापूर आदी ठिकाणी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापुरास गोरक्षण संस्था निघाली. मुंबईस उपचारासाठी येणाऱ्या गोरगरिबांच्या नातेवाइकांस पदपथावर रात्र काढावी लागते हे पाहून जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांनी धर्मशाळा उभी करविली. क्षेत्राच्या ठिकाणी देवासाठी येणारा जसा यात्रेकरू, तसाच रुग्णालयाच्या दारी आपल्या माणसासाठी बसलेला मनुष्यही यात्रेकरूच होय, ही दृष्टी त्या धर्मशाळेमागे होती.

पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेचा इतिहास आम्ही मुद्दाम निराळा सांगतो. पंढरीच्या वारीस अस्पृश्य मानलेले बांधवही शतकानुशतके येत होते. विठ्ठल सर्वांचा म्हणावयाचा, परंतु रात्रीच्या निवाऱ्यास या वारकऱ्यांना कोणी दार उघडीत नसे. त्यांच्यासाठी महाराजांनी ही धर्मशाळा उभारली. पुढे १९४९ साली त्यांनी ती डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ज्या समाजासाठी वास्तू बांधली, त्याच समाजाच्या शिक्षणासाठी तिचा उपयोग व्हावा, आणि तो त्या समाजाच्या नेत्याच्या हातून व्हावा, हा त्यातील विवेक होता. आपण बांधले म्हणून आपणच मालक, ही भावना त्यांच्या मनास शिवली नाही. एक निरक्षर कीर्तनकार आणि एक महापंडित, यांचा परस्परांविषयीचा आदर हे महाराष्ट्राच्या इतिहासातील एक उज्ज्वल पान आहे.

येथे आम्हांस एका नाजूक प्रश्नास तोंड द्यावे लागते. ही स्मरणिका एका जातीच्या मंडळाची आहे. महाराज आपल्या समाजात जन्मले याचा आम्हांस अभिमान वाटतो आणि वाटावाही. परंतु ज्याने स्वतः जात मानली नाही, त्याच्यावर जातीचा हक्क कसा सांगावा? आमच्या मते हा हक्क रक्ताने मिळत नाही. महाराजांनी स्वतःच्या नातलगांस आपल्या संस्थांत वाटा दिला नाही. पत्नी आणि मुले यांच्यासाठी एखादी खोली राखणे त्यांस अशक्य नव्हते, तरीही कुंताबाई झोपडीतच राहिल्या. एकुलता उरलेला पुत्र गोविंद गेल्याची वार्ता खारेपाटण येथे कीर्तनात असता त्यांच्या कानी आली, तेव्हाही त्यांनी कीर्तन थांबविले नाही. जेथे घरच्या माणसांस हक्क मिळाला नाही, तेथे आम्हां जातभाईंस तो आयता कोठून मिळणार? तो हाती झाडू घेऊनच मिळवावा लागेल.

परीट म्हणजे लोकांच्या वस्त्रांचा मळ काढणारा. हा व्यवसाय हलका मानून समाजाने त्यास खालच्या पायरीवर बसविले. महाराजांनी त्याच व्यवसायाचा अर्थ विस्तारला. त्यांनी रस्त्यांचा मळ काढला, मनांचा मळ काढला. दुसऱ्याची घाण स्वच्छ करणे हे हीन कर्म नसून श्रेष्ठ कर्म आहे, हे त्यांनी अवघ्या महाराष्ट्राकडून मान्य करविले. आपल्या समाजावर त्यांचे जर कोणते ऋण असेल तर ते हेच होय.

संस्था चालविण्याच्या बाबतीत तर हा निरक्षर पुरुष मोठमोठ्या व्यवहारज्ञांस वरचढ ठरेल. लक्षावधी रुपये त्यांच्या शब्दावर जमले, परंतु पैशाची पिशवी त्यांनी आपल्या हाती ठेवली नाही. देणारे निराळे, सांभाळणारे निराळे आणि उपयोग घेणारे निराळे, अशी विभागणी त्यांनी केली. कारभार विश्वस्तांकडे सोपविला. १९५२ साली श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना होऊन या संस्थांस एक सूत्र लाभले. कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या रयत शिक्षण संस्थेविषयी त्यांस अत्यंत आपुलकी होती. १९५४ साली कराड येथे निघालेल्या महाविद्यालयास त्यांचेच नाव देण्यात आले. ज्याने शाळेत एक दिवस काढला नाही, त्याच्या नावाने महाविद्यालय चालावे, हा काळाने केलेला न्यायच म्हणावयाचा.

मराठवाड्यातील आम्हां लोकांस या चरित्राचे मोल अधिक आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी राजवटीत होता. जाहीर सभा भरवावयाची तर सरकारची पूर्वपरवानगी लागे. भजन, कीर्तन, सप्ताह, गणेशोत्सव आणि वाचनालये यांच्याच आश्रयाने लोकांनी एकत्र येण्याची सवय जिवंत ठेवली. तेव्हा चार माणसांनी एका छपराखाली मोकळेपणाने बसावे, हे या प्रदेशात कष्टाने मिळालेले सुख आहे. केशवराजाचे प्राचीन देवस्थान आणि केळीच्या बागा यांनी नावारूपास आलेल्या अर्धापुरास हे निराळे सांगावयास नको. असे छप्पर लाभल्यावर त्यास कुलूप लावून ठेवणे म्हणजे मिळालेले सुख परत करणेच होय.

मग महाराजांच्या चरित्रातून सभागृह चालविणाऱ्या पंचांनी काय घ्यावे? आमच्या अल्पमतीस दिसते ते असे. कार्यक्रमापूर्वी जागा झाडण्याचे काम पगारी माणसावर न टाकता अध्यक्षांपासून सर्वांनी करावे. जमाखर्च वर्षातून एकदा सर्वांदेखत मोठ्याने वाचावा, कारण ज्यास वाचता येत नाही त्याचाही त्या पैशात वाटा असतो. लग्नकार्यास जागा देताना कर्ज काढून थाट करणाऱ्यापेक्षा साधेपणाने कार्य उरकणाऱ्यास सवलत द्यावी. लग्नतिथी नसतील त्या दिवसांत सायंकाळी मुलांस अभ्यासास दिवा आणि बैठक मिळावी. जयंतीच्या मिरवणुकीवर खर्च होतो, त्यातील काही भाग वह्या-पुस्तकांकडे वळवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्या जातीचा गरीब मनुष्य कार्यासाठी किंवा दुःखाच्या प्रसंगी दाराशी आला, तर त्यास जात विचारू नये. काही समाजबंधूंस हे रुचणार नाही. आपल्या घामाच्या पैशाने बांधलेल्या वास्तूत परक्यांनी का यावे, असे ते म्हणतील. त्यांची तक्रार अगदीच गैर आहे असे आम्ही म्हणत नाही. आपल्या माणसांची अडचण प्रथम पाहावी हे युक्तच आहे. परंतु ज्या दिवशी सभागृह मोकळे आहे आणि दाराशी माणूस अडलेला आहे, त्या दिवशी दार लावून घेणारास भिंतीवर महाराजांची तसबीर लावण्याचा अधिकार उरत नाही, एवढेच आमचे नम्र म्हणणे आहे.

दिनांक २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलानजीक महाराजांनी देह ठेवला. त्यांनी बांधविलेल्या धर्मशाळांपैकी एकाही धर्मशाळेत त्यांचा अंत झाला नाही. तो वाटेवरच झाला. त्याच महिन्याच्या ६ तारखेस डॉक्टर आंबेडकर निवर्तले होते. एका पंधरवड्यात महाराष्ट्रातील दीनांचे दोन आधार नाहीसे झाले. पुढे २००० सालापासून राज्य शासनाने महाराजांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि अमरावतीच्या विद्यापीठास त्यांचे नाव दिले. हे गौरव उचितच आहेत. परंतु शासनाने दिलेला गौरव शासनाचा. आम्ही द्यावयाचा तो अद्याप बाकी आहे. तो हारांनी फिटणार नाही. अर्धापूर आणि परिसरातील प्रत्येक समाजबंधूने महिन्यातून एक दिवस आपल्या सभागृहाचे अंगण स्वतःच्या हाताने झाडावे आणि त्याच अंगणात एका तरी मुलास अक्षर ओळखावयास शिकवावे. तेवढ्याने महाराजांचे ऋण फिटणार नाही, पण ते फेडण्यास आरंभ तरी होईल.