सहा ऑक्टोबर

मराठी विभागात लेख कमी पडलेत म्हणून रूममेटने गळ घातली. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. विषय मात्र आवडीचा आहे: इजिप्तचे अध्यक्ष अन्वर सादात. फ्लुइड मेकॅनिक्सच्या सबमिशनच्या आदल्या रात्री मी त्यांच्याबद्दल पहिल्यांदा वाचलं. फ्लुइड मेकॅनिक्सचा काय संबंध, ते पुढे येईलच.

२५ डिसेंबर १९१८ ला नाईलच्या खोऱ्यातल्या मीत अबू अल-कोम या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील कारकून, घरात तेरा भावंडं. १९३८ मध्ये ते लष्करी अधिकारी झाले. पण इंग्रजांवर इतका राग, की दुसऱ्या महायुद्धात जर्मन हेरांशी संधान बांधलं आणि तुरुंगात गेले. तिथून पळाले, नाव बदलून हमाली केली, ट्रक चालवला. १९४६ मध्ये एका माजी मंत्र्याच्या खुनाच्या खटल्यात पुन्हा आत! कैरोच्या तुरुंगातल्या ५४ नंबरच्या कोठडीत त्यांनी दिवस काढले आणि १९४८ मध्ये निर्दोष सुटले.

जुलै १९५२ मध्ये राजा फारूकला हटवणारी क्रांती झाली, त्या रात्री हे क्रांतिकारक बायकोला घेऊन सिनेमाला गेले होते. नासरचा निरोप उशिरा मिळाला. तरी सकाळी रेडिओवर क्रांतीची घोषणा वाचायला हेच! पुढे अठरा वर्षं ते नासरच्या सावलीत राहिले. १९७० मध्ये नासर गेले आणि सादात अध्यक्ष झाले, तेव्हा हा माणूस चार दिवस टिकणार नाही असंच सगळ्यांना वाटलं. त्यांनी मात्र वर्षाच्या आत विरोधकांना तुरुंगात टाकलं आणि १९७२ मध्ये रशियन लष्करी सल्लागारांना घरी पाठवलं.

आता आपल्या ब्रँचचा भाग. १९६७ च्या युद्धात इस्रायलने सिनाई घेतला होता आणि सुएझ कालव्याच्या काठाने वाळूचा प्रचंड बांध घातला होता. सुरुंगाने तो फोडायला फार वेळ लागला असता. बाकी झाकी युसुफ या इंजिनिअर अधिकाऱ्याने अस्वान धरणावर काम केलं होतं. तिथे वाळू पाण्याच्या जोराने हलवायचे. त्याने सुचवलं, इथेही पंप लावा, पाणी तर कालव्यातच आहे. ६ ऑक्टोबर १९७३ ला दुपारी हल्ला सुरू झाला आणि काही तासांत बांधाला खिंडारं पडली. (आमच्या लॅबमधल्या पंपाचं प्रायमिंगच होत नाही, ते सोडा.) पहिल्याच दिवशी सादातांचा वैमानिक भाऊ आतेफ मारला गेला. पुढे इस्रायलने उलट कालवा ओलांडून इजिप्तच्या तिसऱ्या सैन्याला वेढलं. म्हणजे विजय पूर्ण नव्हता, पण गेलेली पत परत आली.

आणि याच माणसाने नोव्हेंबर १९७७ मध्ये जेरुसलेमला जाऊन शत्रूच्या संसदेत भाषण केलं. मला तर ते कालवा ओलांडण्यापेक्षा अवघड वाटतं. १९७८ मध्ये कॅम्प डेव्हिडला तेरा दिवस वाटाघाटी झाल्या, बेगिन यांच्यासह नोबेल मिळालं, १९७९ मध्ये करार झाला. अरब लीगने इजिप्तला बाहेर काढलं आणि आपलं मुख्यालय कैरोहून ट्युनिसला हलवलं.

घरी मात्र सगळं बिघडत होतं. जानेवारी १९७७ मध्ये पावाचे भाव वाढवल्यावर दंगली झाल्या आणि भाववाढ मागे घ्यावी लागली. सप्टेंबर १९८१ मध्ये त्यांनी दीड हजारांहून जास्त लोकांना पकडलं. त्यात डावे, मौलवी, पत्रकार, सगळेच. तरुणपणी स्वतः कोठडी भोगलेल्या माणसाने हे करावं, हे मला पटत नाही.

पकडलेल्यांत लेफ्टनंट खालिद इस्लाम्बुलीचा भाऊ होता. ६ ऑक्टोबर १९८१ ला, कालवा ओलांडल्याच्या आठव्या वाढदिवशी, कैरोत संचलन चालू होतं. वर मिराज विमानांच्या कसरती, सगळ्यांच्या माना आकाशाकडे. एक ट्रक थांबला, त्यातून खालिद उतरला. तो सलामी द्यायला येतोय असं समजून सादात उभे राहिले. ग्रेनेड, मग गोळ्या. शेजारी बसलेले मुबारक वाचले.

नासरच्या अंत्ययात्रेला लाखो लोक रस्त्यावर रडत होते. सादातांच्या अंत्ययात्रेला अमेरिकेचे तीन माजी अध्यक्ष होते, बेगिन होते, पण सामान्य माणसाला जवळ येऊ दिलं नाही. जिथे गोळ्या लागल्या त्याच्या समोरच, अज्ञात सैनिकाच्या स्मारकाजवळ त्यांना पुरलं. खालिदला १५ एप्रिल १९८२ ला मृत्युदंड दिला. दहाच दिवसांनी, ताबाचा छोटा तुकडा सोडून, सगळा सिनाई इजिप्तला परत मिळाला.