आठवणी का लिहाव्यात?

माणसे आठवणी लिहितात ती केवळ स्वतःच्या नावासाठी नव्हे. यासाठी आम्ही रमाबाई रानडे यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवतो.

१८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, लग्न होऊन त्या पुण्यास आल्या. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पती महादेव गोविंद रानडे यांनी त्यांना मराठी व पुढे इंग्रजी शिकवले. घरातील वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. टोमणे सोसून त्या शिकत राहिल्या.

१९०१ साली न्यायमूर्ती रानडे निवर्तले. त्यांची विद्वत्ता साऱ्या देशाला ठाऊक होती. घरातले रानडे रमाबाईंनाच ठाऊक. ते पुढच्यांना कळावेत म्हणून त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिल्या. १९१० साली पुस्तक निघाले. ज्या अक्षरांपायी बोलणी खाल्ली, त्याच अक्षरांत पतीची आठवण राहिली, आणि धडा गिरवणारी ती लहान मुलगीही. १९२४ साली रमाबाई वारल्या. पुस्तक आजही वाचले जाते.

आपल्या बेटावरील आजी-आजोबांजवळही अशा आठवणी आहेत. त्यांच्यामागे त्या कोण सांगणार? घरातील मुलांनी वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे, एवढीच आमची विनंती.