रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप

लोहाऱ्याच्या आसमंतांतील काळा कातळ आम्ही नित्य तुडवितों. त्याच जातीच्या खडकांत पृथ्वीचा इतिहास वाचणाऱ्या एका विद्वानाचें चरित्र आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म स्कॉटलंडांतील डन्स गांवीं १८१७ सालीं झाला. १८४५ सालीं ते नागपुरास आले व पुढील वर्षीं त्यांनीं तेथें शाळा काढिली. शाळेचें व धर्मकार्याचें ओझें संभाळून उरलेला वेळ ते व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर खडकांतील शंख-शिंपले, पानांचे ठसे व हाडें गोळा करण्यांत घालवीत. नुसता संग्रह करून ते थांबले नाहींत. नमुने त्यांनीं तज्ज्ञांकडे धाडिले आणि १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेच्या त्रैमासिकांत उभयतांचा निबंध प्रसिद्ध झाला. १८६० सालीं तेथेंच हिस्लॉप यांनीं काळ्या खडकाच्या थरांमध्यें सांपडणाऱ्या शंखांचें वर्णन केलें.

त्या शंखांवरून त्यांनीं ठरविलेलें खडकाचें वय पुढें दुरुस्त झालें. आज तें सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षें मानितात. परंतु त्यांनीं आधार छापून ठेविला होता, म्हणूनच त्यांचें अनुमान पुढच्यांस तपासतां आलें. हेंच आम्हांस त्यांचें मोठेपण वाटतें.

१८६३ च्या सप्टेंबरांत टाकळघाटचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना ओढ्याच्या पुरांत त्यांचा अंत झाला. नागपूरचें हिस्लॉप कॉलेज त्यांचें नांव आजही चालवीत आहे. आमच्या विद्यार्थ्यांनींही वाटेंतला दगड उचलावा, नीट पाहावा, आणि पाहिलेलें लिहून ठेवावें.