बर्फावरचा मास्तर : हानेस श्नायडर

जानेवारी उजाडला की कॉलेजच्या ट्रेकिंग ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. औली, गुलमर्ग नाहीतर मनालीजवळचं सोलंग, स्कीइंगचा बेसिक कोर्स, कोण कोण येतंय? तुमच्यापैकी काहीजण जाऊनही आले असतील. गेला असाल तर पहिले दोन दिवस आठवा. आधी पडायचं कसं आणि उठायचं कसं, ते शिकवतात. मग स्कीची पुढची टोकं जवळ आणि मागची लांब ठेवून हळूहळू खाली यायचं. याला स्नोप्लाऊ म्हणतात. ते जमलं की मग वळायचं. बॅचचे गट पाडलेले असतात आणि ज्याला वळता येत नाही, त्याला वरच्या उतारावर सोडत नाहीत.

ही पद्धत आज इतकी सवयीची आहे, की ती कुणीतरी बसवली असेल असं मनातही येत नाही. पण ती बसवणारा माणूस होता. त्याचं नाव हानेस श्नायडर. ऑस्ट्रियातल्या एका खेड्यातला मुलगा. स्की करणाऱ्यांच्या जगात त्याला केवढा मान! आपल्याकडे मात्र तो फारसा कुणाला माहीत नाही. म्हणून आज त्याच्याबद्दल.

२४ जून १८९० ला आर्लबर्ग घाटातल्या श्टुबेन नावाच्या गावात त्याचा जन्म झाला. गाव साधारण १४०० मीटर उंचीवर. हिवाळ्यात बर्फ इतका, की घाटरस्ता चालू ठेवणं हेच एक काम. हानेसचे वडील त्याच रस्त्याच्या देखभालीवर होते. घरची परिस्थिती बेताची. त्या काळात आल्प्समध्ये स्की ही नवी गोष्ट होती, नॉर्वेतून आलेली. ब्रेगेंत्स शहरातले व्हिक्टर झोम हे गृहस्थ स्की घेऊन डोंगरात यायचे. त्यांना बघून या पोराला वेड लागलं. विकत घेणं शक्यच नव्हतं, म्हणून सुरुवात घरीच जुळवलेल्या स्कीवर झाली. पुढे झोम यांनीच त्याला शिकवलं.

१९०७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याला नोकरी लागली. घाटापलीकडे सांक्ट आंटोन गाव आहे. १८८४ मध्ये तिथून आर्लबर्गचा दहा किलोमीटरहून लांब रेल्वे बोगदा सुरू झाला आणि गाव बाहेरच्या जगाशी जोडलं गेलं. हॉटेल पोस्टचे मालक कार्ल शुलर यांना वाटलं, हिवाळ्यात येणाऱ्या पाहुण्यांना स्की शिकवायला कुणीतरी हवं. त्यांनी हानेसला ठेवून घेतलं. आज पर्यटनवाले ज्याला ॲक्टिव्हिटी पॅकेज म्हणतात, त्याची ही सुरुवातच म्हणा ना.

तेव्हा स्की करायची ती ताठ उभं राहून. वळताना एक पाय पुढे, गुडघा खाली, अशी ती नॉर्वेची टेलीमार्क पद्धत. मोकळ्या टेकड्यांवर ती शोभते. आल्प्सच्या तीव्र उतारावर मात्र वेग वाढला की तोल जातो. हानेस गुडघ्यात वाकून, अंग पुढे झुकवून उतरू लागला. अशाने तोल टिकायचा आणि वेगातही वळता यायचं. नुसतं स्वतःला जमलं म्हणून तो थांबला नाही. आपण हे कसं करतो, त्याचे त्याने तुकडे पाडले. आधी स्नोप्लाऊ, मग स्टेम टर्न, मग स्टेम ख्रिस्तियानिया. एक पायरी पक्की झाली की पुढची. हीच ती आर्लबर्ग पद्धत.

पहिल्या महायुद्धात या पद्धतीची खरी कसोटी लागली. हानेस ऑस्ट्रियाच्या सैन्यात होता आणि डोंगरी तुकड्यांना स्की शिकवायचं काम त्याच्याकडे आलं. पाहुण्याला महिनाभर गोंजारत शिकवता येतं, सैनिकांना तेवढा वेळ नसतो. एकेकाला शिकवून भागणार नव्हतं. गटाने शिकवायचं, सगळ्यांना एकच क्रम, कमीत कमी दिवसांत. युद्ध संपल्यावर तो सांक्ट आंटोनला परतला आणि १९२० नंतरच्या काळात हाच साचा त्याने आपल्या स्की स्कूलमध्ये वापरला. आलेल्या माणसाची आधी परीक्षा, मग कुवतीप्रमाणे वर्ग, प्रत्येक वर्गाला एक इन्स्ट्रक्टर, आणि सगळे इन्स्ट्रक्टर एकाच पद्धतीने शिकवणार. तुमची ओळख किती मोठी आहे यावर वर्ग ठरत नसे. वळता येत नसेल तर श्रीमंत पाहुणाही नवशिक्यांच्या रांगेत.

तुम्ही कधी कॉलेजचा ट्रेक किंवा कॅम्प लावला असेल, तर यातली गोम लगेच कळेल. चाळीस जणांना डोंगरावर नेणं सोपं असतं. चाळीस जणांना एकाच वेळी, कुणाला न दुखवता, काहीतरी शिकवून परत आणणं अवघड. हानेसने ते रोजचं काम करून दाखवलं.

नाव झालं ते सिनेमामुळे. दिग्दर्शक आर्नोल्ड फांक याने १९२० पासून त्याला घेऊन बर्फावरचे चित्रपट काढले. १९२८ मध्ये ब्रिटनच्या आर्नोल्ड लन यांच्याबरोबर त्याने आर्लबर्ग-कंदाहार शर्यत सुरू केली. कंदाहार हे नाव कसं? अफगाणिस्तानातल्या लढाईवरून पदवी मिळालेल्या लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांच्या नावाचा चषक स्कीच्या शर्यतीला होता, तिथून ते आलं. १९३० मध्ये जपानने त्याला बोलावलं. जपानमधलं नोझावा ओन्सेन आणि सांक्ट आंटोन ही गावं आजही एकमेकांची भगिनी-गावं आहेत.

इथपर्यंत ही एका यशस्वी माणसाची गोष्ट आहे. पुढचा भाग वेगळा आहे.

मार्च १९३८ मध्ये हिटलरच्या जर्मनीने ऑस्ट्रिया गिळला. हानेसला नाझी आवडत नव्हते आणि हे त्याने लपवलंही नव्हतं. स्कूलमध्ये नाझी प्रचार करणाऱ्या इन्स्ट्रक्टरांना तो खपवून घेत नसे. त्याचा जवळचा सहकारी रुडॉल्फ गोंपर्त्स ज्यू वंशाचा होता. सांक्ट आंटोनला पर्यटनाच्या नकाशावर आणणाऱ्यांत गोंपर्त्सचा वाटा मोठा. नाझी सत्तेत येताच हानेसला अटक झाली आणि लांडेकच्या तुरुंगात टाकलं. ज्या गावाला त्याने नाव मिळवून दिलं, तिथली त्याची शाळा त्याच्या हातून गेली.

तुरुंगातून सुटका झाली, पण गावी जायला बंदी. गार्मिशच्या कार्ल रोझेन नावाच्या वकिलाने त्याची जबाबदारी घेतली आणि तो तिथे नजरेखाली राहिला. तिकडे अमेरिकेत न्यू हॅम्पशर राज्यातल्या नॉर्थ कॉनवे गावात हार्वी गिब्सन नावाच्या बँकरने क्रॅनमोर डोंगरावर स्की केंद्र काढलं होतं. जर्मनीशी असलेल्या बँकेच्या व्यवहारांमुळे त्याचा शब्द तिकडे चालत होता. त्याने तो वापरला.

११ फेब्रुवारी १९३९ ला हानेस कुटुंबासह नॉर्थ कॉनवे स्टेशनवर उतरला. गावातली मुलं दोन रांगांत उभी होती. हातातल्या स्कीच्या काठ्या उंच धरून त्यांनी कमान केली होती आणि त्या कमानीखालून तो चालत गेला. वय ४८. परका देश, परकी भाषा, पुन्हा नवशिक्यांचा वर्ग आणि पुन्हा स्नोप्लाऊ.

गोंपर्त्स मात्र सुटला नाही. १९४२ मध्ये त्याला व्हिएन्नाहून मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्सला नेऊन ठार मारण्यात आलं. त्याच्या गावात त्याचं स्मारक उभं राहायला १९९० चं दशक उजाडलं. हानेसची गोष्ट सांगताना हे नाव गाळलं तर ती अर्धीच राहते. एकाच्या मागे बँकर उभा राहिला, दुसऱ्याच्या मागे कुणी नाही.

पुढे हानेसचा मुलगा हर्बर्ट अमेरिकेच्या १० व्या माउंटन डिव्हिजनमधून इटलीत लढला. युद्धानंतर तो वडिलांबरोबर क्रॅनमोरवर शिकवू लागला. २६ एप्रिल १९५५ ला हानेस नॉर्थ कॉनवेमध्येच गेला. शाळा मुलाने चालवली.

तंत्र नंतर बदललं. स्की आखूड झाल्या, बूट बदलले, ख्रिस्तियानिया मागे पडली. पण पायऱ्या पाडून शिकवणं, गट करणं आणि नवख्याला घाई न करणं हे टिकलं. या हिवाळ्यात तुम्ही उत्तरेत कोर्सला गेलात आणि तिसऱ्या दिवशीही इन्स्ट्रक्टरने तुम्हाला खालच्याच उतारावर ठेवलं, तर चिडू नका. आणि तुम्हीच ग्रुप घेऊन जाणार असाल, तर निघण्याआधी यादी काढून बसा. कोण पहिल्यांदाच येतंय, कोणाला किती जमतं, कोण कोणाबरोबर राहणार, ते लिहून काढा. सतरा वर्षांच्या हानेसने हॉटेलच्या पाहुण्यांपासून सुरुवात केली होती. तुमच्याकडे निदान ओळखीचे मित्र आहेत.