नावाच्या आणि निनावी सिंफन्या

पाश्चात्त्य अभिजात संगीताचा रसिक आपल्या आवडत्या सिंफन्यांची यादी करू लागला, की ती बहुधा बीथोवेनच्या पाचवीने किंवा नववीने सुरू होते, मोझार्टच्या अखेरच्या दोन-तीन सिंफन्यांपाशी रेंगाळते आणि तेथून ब्राम्स व चायकोव्हस्की यांच्याकडे वळते. जोसेफ हायडनच्या वाट्याला त्यात एखादी जागा येते आणि तीही पुष्कळदा दाक्षिण्यापोटी. बीथोवेनने नऊ सिंफन्या लिहिल्या, ब्राम्सने चार. हायडनच्या क्रमांकित सिंफन्याच एकशे चार आहेत. एवढ्या पसाऱ्यातून निवड करायची तर सामान्य श्रोता नावाचा आधार घेतो. ज्या सिंफनीला टोपणनाव चिकटले ती वाजते, ध्वनिमुद्रित होते, लक्षात राहते. जिला नाव नाही ती क्रमांकाच्या गर्दीत हरवते. गंमत अशी, की ही नावे बहुतांशी हायडनने दिलेली नाहीत आणि त्यांतील काही तर निव्वळ चुकीची आहेत.

हायडनचा जन्म ३१ मार्च १७३२ रोजी ऑस्ट्रियातील रोराऊ या खेड्यात झाला. बाप गाड्यांची चाके बनविणारा कारागीर, आई एका सरदाराच्या वाड्यावर स्वयंपाक केलेली. मुलाचा गळा गोड म्हणून त्याला सहाव्या वर्षी हाइनबुर्गला एका नातलगाकडे धाडण्यात आले आणि १७४० च्या सुमारास व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन कॅथीड्रलच्या गायकवृंदात तो दाखल झाला. वयात येताच आवाज फुटला आणि गायकवृंदाच्या दृष्टीने त्याचे मूल्य संपले. सतरा-अठरा वर्षांचा हा मुलगा व्हिएन्नाच्या रस्त्यावर आला. पुढची काही वर्षे त्याने एका माळ्यावरच्या खोलीत राहून, शिकवण्या करून, मिळेल तेथे व्हायोलिन वाजवून काढली. पोर्पोरा या इटालियन संगीतशिक्षकाकडे साथीचे काम आणि त्याबरोबर नोकराची कामे करून तो रचनाशास्त्र शिकला. बाकीची विद्या एमान्युएल बाखच्या सोनाटांवर रात्री जागवून त्याने स्वतःच संपादन केली.

१ मे १७६१ रोजी एस्टरहाझी या अतिश्रीमंत हंगेरियन सरदार घराण्याशी त्याने चाकरीचा करार केला. हा करार आजही उपलब्ध आहे आणि कोणत्याही नोकरदाराने तो वाचण्यासारखा आहे. हायडनने घराण्याचा गणवेश घालावा, पांढरे मोजे चढवावेत, केसांना पावडर लावावी. दुपारपूर्वी व दुपारनंतर दिवाणखान्याबाहेर उभे राहून आज संगीत हवे की नको अशी आज्ञा विचारावी. वादकांची भांडणे मिटवावीत, मात्र त्यांच्याशी खाण्यापिण्यात फार सलगी करू नये. वाद्यांची निगा राखावी. आणि जे लिहील त्याची नक्कल कोणाला देऊ नये व परवानगीवाचून दुसऱ्या कोणासाठी काही रचू नये. वेतन सालीना ४०० गुल्डन. थोडक्यात, त्याच्या डोक्यातून निघणारा प्रत्येक स्वर मालकाचा होता.

या चाकरीला आजचा वाचक सहज दास्य म्हणेल आणि त्यात तथ्य आहे. पण तिची दुसरी बाजूही खरी आहे. हायडनच्या हाताखाली कायमचा वाद्यवृंद होता. आज लिहिलेले उद्या ऐकता येई. कोणता परिणाम साधला आणि कोणता फसला हे ताबडतोब कळे. व्हिएन्नाच्या फॅशनपासून दूर पडल्यामुळे त्याला कोणाचे अनुकरण करण्याची सोयच उरली नाही. सिंफनी त्याने शोधून काढली असे म्हणणे बरोबर नव्हे. ती त्याच्यापूर्वी इटलीत, मानहाइममध्ये, व्हिएन्नात लिहिली जात होती. परंतु करमणुकीच्या या प्रकाराला युक्तिवादाची बांधणी, एका लहानशा सुरावटीतून अख्खी इमारत उभी करण्याची पद्धत त्याने दिली आणि ती त्या आडबाजूच्या राजवाड्यात दिली.

१७७२ सालची ४५ वी सिंफनी या चाकरीतूनच निपजली. प्रिन्स निकोलाऊसने हंगेरीतील दलदलीच्या प्रदेशात एस्टरहाझा नावाचा अवाढव्य राजवाडा बांधला होता. तेथे वादकांना, काही अपवाद सोडता, बायकामुले आणण्याची मुभा नव्हती. त्या वर्षी प्रिन्सचा मुक्काम लांबला. वादक अस्वस्थ झाले आणि गाऱ्हाणे घेऊन हायडनकडे आले. हायडनने अर्ज केला नाही. त्याने त्या काळी क्वचितच वापरल्या जाणाऱ्या एफ शार्प मायनर या स्वरात एक सिंफनी लिहिली. तिच्या अखेरीस वेगवान भाग मध्येच थांबतो, संथ लय सुरू होते आणि एकेक वादक आपला भाग संपवून, मेणबत्ती विझवून निघून जातो. शेवटी दोनच व्हायोलिने हलक्या आवाजात उरतात. प्रिन्सला अर्थ कळला आणि दुसऱ्याच दिवशी निघण्याची आज्ञा झाली. हिला ‘निरोपाची सिंफनी’ म्हणतात. नाव सार्थ आहे यात शंका नाही, परंतु या कथेमुळे तिच्या पहिल्या भागातील खदखदता क्षोभ दुर्लक्षित राहतो. मेणबत्त्या विझण्याची वाट पाहणाऱ्याचे तिकडे लक्षच जात नाही.

१७७९ च्या नव्या करारात इतरांसाठी न रचण्याची अट गळली. लगेच युरोपभरच्या प्रकाशकांनी हायडनला गाठले. पॅरिसच्या एका संस्थेने १७८५-८६ मध्ये त्याच्याकडून सहा सिंफन्या घेतल्या आणि प्रत्येकीला २५ सुवर्ण लुई मोजले. त्यांपैकी ८५ वी राणी मारी आंत्वानेतला विशेष आवडली म्हणून ती ‘राणीची’ ठरली. राणीचा १७९३ मध्ये शिरच्छेद झाला. सिंफनीवरचे तिचे नाव कायम राहिले.

सप्टेंबर १७९० मध्ये प्रिन्स निकोलाऊस वारला. त्याच्या वारसाने वाद्यवृंद मोडून टाकला, पण हायडनचे निवृत्तिवेतन चालू ठेवले. जवळजवळ तीस वर्षांनी, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, तो मोकळा झाला. लंडनमध्ये जलसे भरविणारा व्हायोलिनवादक सालोमॉन त्याला न्यायला स्वतः व्हिएन्नात आला. निघताना मोझार्ट निरोप द्यायला होता. वर्ष सरण्यापूर्वीच, ५ डिसेंबर १७९१ रोजी, तो गेला. १ जानेवारी १७९१ रोजी हायडनने इंग्लंडच्या भूमीवर पाऊल ठेवले. ऑक्सफर्डने त्याला डॉक्टरेट दिली. तेथे वाजलेली ९२ वी सिंफनी ‘ऑक्सफर्ड’ म्हणून प्रसिद्ध झाली, वस्तुतः ती दोन वर्षांपूर्वी लिहिलेली होती.

१७९१ ते १७९५ या काळातील दोन लंडनभेटींसाठी त्याने बारा सिंफन्या रचल्या. ९४ वीच्या संथ भागात अनपेक्षितपणे सारा वाद्यवृंद कडाडतो, एवढ्यावर तिची जगभर ख्याती. १०० व्या सिंफनीत लष्करी ढोलझांजा आहेत, १०१ वीत घड्याळाची टिकटिक. ९६ वीला ‘चमत्कार’ म्हणतात. जलसा संपताच श्रोते हायडनला पाहण्यासाठी पुढे धावले आणि रिकाम्या झालेल्या जागेवर मोठे झुंबर कोसळले, कोणाचा जीव गेला नाही, म्हणून हे नाव. मात्र हा प्रसंग घडला तो २ फेब्रुवारी १७९५ रोजी आणि त्या दिवशी १०२ वी सिंफनी प्रथम वाजली होती. चमत्कार एकीचा आणि कीर्ती दुसरीची!

या १०२ वीला आजही नाव नाही, आणि बाराही लंडन सिंफन्यांत तिच्याइतकी बळकट बांधणी शोधून सापडायची नाही. तशीच ९८ वी. मोझार्टच्या मृत्यूची वार्ता लंडनला पोहोचल्यानंतर थोड्याच आठवड्यांत ती लिहिली गेली. तिचा संथ भाग ऐकताना तो मित्रासाठीचा शोक आहे असे अनेक जाणकारांना वाटत आले आहे. तिच्या शेवटी हायडनने स्वतः वाजविण्यासाठी एक छोटासा तुकडा ठेवला, हे त्याचे मिस्कीलपण. थोडी आधीची, १७८७ ची ८८ वी सिंफनीही अशीच निनावी; तिच्या संथ भागातील सुरावटीसाठी इतर कित्येक रचना ओवाळून टाकाव्यात.

व्हिएन्नात परतल्यावर हायडनने सिंफनी लिहिली नाही. ‘क्रिएशन’ आणि ‘सीझन्स’ ही दोन विशाल गायनकाव्ये त्याने रचली आणि शरीर थकले. २७ मार्च १७०८ नव्हे, तर त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १८०८ च्या त्याच तारखेला, ‘क्रिएशन’च्या प्रयोगाला त्याला खुर्चीत बसवून आणावे लागले, एकेकाळचा शिष्य बीथोवेन त्याच्यापुढे नतमस्तक झाला. ३१ मे १८०९ रोजी, नेपोलियनच्या फौजा व्हिएन्नात असताना, हायडनचे निधन झाले. १७७० च्या आसपासच्या ४४ व्या सिंफनीतील संथ भाग आपल्या अंत्यविधीत वाजवावा अशी त्याची इच्छा होती, असे परंपरा सांगते. ते खरे असेल तर एकशे चारांतून खुद्द त्याने केलेली निवड म्हणायची ती हीच.

या सर्व सिंफन्या सलगपणे श्रोत्यांच्या हाती येण्यास विसावे शतक बरेच उलटावे लागले. बुडापेस्टमध्ये जन्मलेल्या आंताल दोराती या संचालकाने १९६९ ते १९७२ या काळात त्या ध्वनिमुद्रित केल्या. त्याचा वाद्यवृंद होता फिलहार्मोनिया हंगारिका. १९५६ च्या उठावानंतर हंगेरी सोडून पळालेल्या वादकांनी तो उभारला होता. पश्चिम जर्मनीतील मार्ल या गावी राहून त्यांनी हायडनच्या सिंफन्या पहिलीपासून शेवटपर्यंत वाजविल्या, नावाच्याही आणि निनावीही.