जॉन फॉन नॉयमन : संगणकाच्या पेटीतली मांडणी कागदावर उतरवणारे गणितज्ञ



संगणकाचा धडा शिकवताना आपण फळ्यावर एक आकृती काढतो. डावीकडे इनपुट, मधे सीपीयू, त्याच्याजवळ मेमरी, उजवीकडे आउटपुट आणि खाली साठवणुकीची साधनं. मुलं ती पाठ करतात, परीक्षेत काढतात आणि विसरतात. ही आकृती आली कुठून आणि तिचे भाग असे वेगवेगळे का, हे मात्र बहुतेक वेळा सांगायचं राहून जातं. ही मांडणी आज ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या जॉन फॉन नॉयमन यांच्या जीवनाची माहिती या पाठात घेऊ. शेवटी शाळेतल्या जुन्या संगणकात रॅम आणि एसएसडी बसवताना हीच आकृती मुलांना हाताने कशी दाखवायची, तेही पाहू.

बालपण आणि शाळा

फॉन नॉयमन यांचा जन्म 28 डिसेंबर 1903 रोजी बुडापेस्ट इथे झाला. हंगेरी तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. हंगेरियन पद्धतीने त्यांचं नाव यानोश. तीन भावांत ते थोरले. घर सुखवस्तू ज्यू कुटुंबाचं, वडील बँकेत मोठ्या पदावर. 1913 मध्ये वडिलांना सम्राटाकडून सरदारकीची पदवी मिळाली आणि नावात पुढे फॉन आलं.

यानोशची स्मरणशक्ती आणि तोंडी हिशोब यांच्या अनेक गोष्टी सांगतात. सहाव्या वर्षी तो आठ अंकी संख्यांचे भागाकार मनातल्या मनात करायचा, असं म्हणतात. घरी पुस्तकांची खोली होती आणि जगाच्या इतिहासाचे जाडजूड खंड त्याने तिथेच बसून वाचले.

आपल्यासारख्या शिक्षकांनी थांबून बघावी अशी गोष्ट पुढे आहे. बुडापेस्टच्या लुथरन शाळेत लास्लो रात्स नावाचे गणिताचे शिक्षक होते. हा मुलगा वर्गाच्या फार पुढे आहे, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. त्यांनी त्याला वर्गातून उचलून वरच्या वर्गात बसवलं नाही. इतर विषय तो आपल्या वयाच्या मुलांबरोबरच शिकला. गणितासाठी मात्र रात्स सरांनी वडिलांशी बोलून विद्यापीठातल्या गणितज्ञांकडून वेगळी शिकवणी लावून दिली. गाबोर सेगो हे त्यांच्यापैकी एक. याच शाळेत एक वर्ष पुढे युजीन विग्नर शिकत होते. त्यांना 1963 साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. रात्स सरांचा फोटो त्यांनी आपल्या खोलीत लावून ठेवला होता.

दोन पदव्या एकदम

मुलाने गणितच करायचं ठरवलं तर पोट कसं भरणार, ही चिंता त्या वडिलांनाही होती. आपल्याकडच्या पालकांना हे ओळखीचं वाटेल! शेवटी तडजोड झाली. यानोशने रसायन अभियांत्रिकी शिकायची आणि सोबत गणितही करायचं. आधी बर्लिन, मग झ्युरिक इथे त्यांनी रसायनाचा अभ्यास केला. बुडापेस्टच्या विद्यापीठात गणितासाठी नाव घातलेलं होतं, पण तिथे ते मुख्यतः परीक्षेपुरते जात. 1926 मध्ये अभियांत्रिकीची पदविका आणि गणितातली डॉक्टरेट, दोन्ही हातात आल्या. वय होतं अवघं 22.

त्यानंतर जर्मनीत हिल्बर्ट यांच्यासारख्या थोर गणितज्ञांच्या सहवासात त्यांनी काम केलं. पुंजयामिकीला भक्कम गणिती पाया देणारा त्यांचा ग्रंथ 1932 साली आला. खेळांच्या सिद्धांतावरचा महत्त्वाचा निबंध त्याआधीच, 1928 मध्ये झाला होता.

1930 साली ते अमेरिकेत प्रिन्स्टनला शिकवायला गेले. 1933 मध्ये तिथल्या नव्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी या संस्थेत पहिल्या काही प्राध्यापकांत त्यांची नेमणूक झाली. आइन्स्टाइनही तिथेच होते. त्याच वर्षी जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून काढणं सुरू झालं. परत जाण्याचा प्रश्नच उरला नाही. 1937 मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

युद्ध आणि एका रेल्वे फलाटावरची भेट

दुसऱ्या महायुद्धात फॉन नॉयमन लॉस अलामोसच्या अणुबॉम्ब प्रकल्पाचे सल्लागार झाले. चहूबाजूंनी स्फोट घडवून प्लुटोनियमचा गोळा आत दाबण्याच्या तंत्राचं गणित करण्यात त्यांचा मोठा वाटा होता. नागासाकीवर पडलेला बॉम्ब याच पद्धतीचा होता. त्यांचं चरित्र शिकवताना हा भाग गाळू नये. संगणकाची त्यांना लागलेली निकड बऱ्याच अंशी या हिशोबांतूनच आली होती.

1944 च्या उन्हाळ्यात ॲबरडीनच्या रेल्वे फलाटावर त्यांची हर्मन गोल्डस्टाइन या लष्करी अधिकाऱ्याशी गाठ पडली. गोल्डस्टाइन स्वतः गणितज्ञ होते. बोलता बोलता त्यांनी फिलाडेल्फियात तयार होत असलेल्या एनिॲक या इलेक्ट्रॉनिक यंत्राचा विषय काढला. ते सेकंदाला सुमारे 5,000 बेरजा करणार होतं. हे ऐकल्यावर फॉन नॉयमन त्या कामाकडे ओढले गेले ते कायमचे.

एनिॲक जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी उभं केलं होतं. त्यात सुमारे 18,000 निर्वात नळ्या होत्या. वेग अफाट, पण दोन अडचणी होत्या. त्याच्या स्वतःच्या लक्षात फक्त 20 संख्या राहत. आणि नवीन गणित द्यायचं तर तारा उपसून पुन्हा जोडाव्या लागत, खटके फिरवावे लागत. त्यात दिवसच्या दिवस जात. गणित काही मिनिटांचं आणि तयारी दोन दिवसांची!

तो अहवाल

एडव्हॅक या पुढच्या यंत्राबद्दल त्या गटात चर्चा चालू होत्या. त्या चर्चांना आकार देणारा 101 पानांचा मसुदा फॉन नॉयमन यांनी लिहिला आणि जून 1945 मध्ये तो वाटला गेला. त्यात यंत्राचे भाग वेगळे करून दाखवले होते. हिशोब करणारा भाग, सूचना पाळून घेणारा नियंत्रक, स्मृती, आत घेणारा भाग, बाहेर देणारा भाग, आणि यंत्राबाहेर नोंदी ठेवायचं माध्यम, म्हणजे छिद्रांची कार्डं, चुंबकीय फीत वगैरे. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे कामाच्या सूचना आणि आकडे दोन्ही एकाच स्मृतीत ठेवायचे होते. म्हणजे काम बदललं की तारा हलवायच्या नाहीत, फक्त स्मृतीतला मजकूर बदलायचा.

आपली फळ्यावरची आकृती ती हीच. बाहेरच्या नोंदीचं माध्यम म्हणजे आजची हार्ड डिस्क किंवा एसएसडी.

इथे एक अन्यायही झाला. मसुद्यावर एकट्या फॉन नॉयमन यांचं नाव होतं. त्यातल्या कित्येक कल्पना एकर्ट आणि मॉकली यांच्या गटात ते येण्याआधीपासून चर्चेत होत्या. गोल्डस्टाइन यांनी प्रती सर्वत्र पाठवल्या आणि मांडणीला नाव पडलं ते फॉन नॉयमन यांचं. मजकूर जाहीर झाल्यामुळे त्या कल्पनांवर पेटंट घेण्याची वाटही बंद झाली. एकर्ट आणि मॉकली यांना हे शेवटपर्यंत सललं. उलट बाजूने पाहिलं तर हाच मजकूर सगळ्यांना खुला मिळाल्यामुळे देशोदेशी संगणक उभे राहिले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. म्हणून वर्गात नाव सांगताना तिघांचीही नावं सांगावीत, असं मला वाटतं.

जवळची स्मृती, लांबची साठवण

1946 मध्ये आर्थर बर्क्स, गोल्डस्टाइन आणि फॉन नॉयमन यांनी आणखी एक अहवाल लिहिला. त्यात एक व्यवहारी अडचण मांडली होती. स्मृती प्रचंड हवी आणि झटपटही हवी, पण दोन्ही गुण एकाच वस्तूत परवडत नाहीत. मग उतरंड करायची. हिशोबाच्या भागाजवळ लहान पण वेगवान स्मृती, तिच्या मागे मोठी पण सावकाश. स्वयंपाकघरात असंच असतं बघा. ओट्यावर मिसळणाचा डबा, फडताळात महिन्याचं सामान आणि माळ्यावर वर्षाचं धान्य. फोडणी देताना कोणी माळ्यावर चढत नाही.

याच विचाराने प्रिन्स्टनमध्ये त्यांचं स्वतःचं यंत्र तयार झालं. मुख्य अभियंता ज्युलियन बिगेलो होते. जून 1952 मध्ये ते रीतसर जाहीर झालं. त्याची वेगवान स्मृती 40 नळ्यांच्या पडद्यांवर विजेच्या ठिपक्यांच्या रूपात राहायची. 40 बिटांचे 1,024 शब्द, म्हणजे सगळे मिळून 5 किलोबाइट. हा लेख त्यात साठवायला गेलो तर निम्माही मावणार नाही. आजची 8 जीबीची एक रॅम त्याच्या 16 लाख पटींहून मोठी आहे. ते ठिपके विरून जात, म्हणून सतत पुन्हा लिहावे लागत. आजच्या रॅममध्येही भार असाच गळतो आणि सेकंदात कितीतरी वेळा भरून घ्यावा लागतो. म्हणूनच वीज गेली की रॅममधलं सगळं पुसलं जातं. पुढे त्या यंत्राला मोठ्या साठवणुकीसाठी चुंबकीय पिंपही जोडलं गेलं.

या यंत्राचे आराखडे इतरांना खुले होते. अमेरिकेत अनेक ठिकाणी, तसंच स्वीडन, इस्राएल आणि ऑस्ट्रेलियातही त्यांच्यावरून यंत्रं झाली. आपल्या मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बांधलेला टिफरॅक 1960 मध्ये चालू झाला. सूचना स्मृतीत ठेवणारं हेच तत्त्व त्यातही होतं आणि शब्दही 40 बिटांचाच.

अखेरची वर्षं

फॉन नॉयमन यांनी संगणक हवामानाच्या अंदाजासाठीही वापरायला लावला. 1950 मध्ये एनिॲकवर असे पहिले अंदाज काढले गेले. त्यांच्या पत्नी क्लारा या सुरुवातीच्या प्रोग्रॅमरांपैकी एक. दुसरीकडे हायड्रोजन बॉम्बचे हिशोबही या यंत्रांवर झाले आणि फॉन नॉयमन त्या बॉम्बचे उघड समर्थक होते. 1955 मध्ये ते अमेरिकेच्या अणुऊर्जा आयोगाचे सदस्य झाले. त्याच वर्षी कर्करोगाचं निदान झालं. 1956 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते सन्मान स्वीकारायला ते चाकाच्या खुर्चीतून गेले. 8 फेब्रुवारी 1957 रोजी, 53 व्या वर्षी त्यांचं निधन झालं. संगणक आणि मेंदू यांची तुलना करणारी त्यांची व्याख्यानं अपुरीच राहिली. ती 1958 मध्ये पुस्तकरूपाने निघाली.

वर्गात : पेटी उघडून आकृती दाखवा

आपल्याकडे सगळ्या पेटीलाच सीपीयू म्हणायची सवय आहे. ती पेटी म्हणजे कॅबिनेट. आत मदरबोर्डवर पंख्याखाली असलेली छोटी चीप म्हणजे खरा सीपीयू. हे एकदा डोळ्यांनी बघितलं की मुलं विसरत नाहीत.

1. संगणक बंद करा, वायर बोर्डातून काढा आणि पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाईल.

2. आधी रॅम. सीपीयूच्या अगदी शेजारी तिचे खाचे असतात. इतक्या जवळ का, हे मुलांना विचारा. रॅमच्या पट्टीवरची चीर खाच्यातल्या उंचवट्याशी जुळवा आणि दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. कडी टक् करून बसली पाहिजे. चीर जुळत नसेल तर जोर लावू नका, ती रॅम वेगळ्या पिढीची आहे. डीडीआर3 च्या खाच्यात डीडीआर4 बसत नाही.

3. मग साठवण. जुन्या मदरबोर्डवर साटा पद्धतीची एसएसडी लागते. तिला दोन वायरी असतात. माहितीची अरुंद वायर मदरबोर्डकडे जाते आणि रुंद वायर एसएमपीएसकडून वीज आणते. दोन्हींची टोकं इंग्रजी एल आकाराची असल्याने उलटी बसत नाहीत. नव्या बोर्डावर एम-टू खाचा असेल तर पट्टी तिरकी घालून आडवी दाबतात आणि एक स्क्रू लावतात. त्या खाच्यात कोणत्या प्रकारची पट्टी चालते, हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत आधी बघा.

4. चालू करून बायोसमध्ये रॅमचा आकडा आणि डिस्कचं नाव दिसतं का ते तपासा. नवी कोरी डिस्क विंडोजमध्ये लगेच दिसत नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन ती तयार करून घ्यावी लागते. डिस्क बिघडली असं समजून परत करायला धावू नका.

हे सगळं करताना सीपीयूला हातही लागला नाही, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. भाग वेगळे ठेवले म्हणून एक बदलता आला. 1945 च्या त्या मसुद्यातले वेगळे भाग मुलांना असे हातात घेऊन बघता येतात.

मुलांना विचारायचे प्रश्न

1. एनिॲकला नवीन गणित देताना वेळ का लागायचा?
2. वीज गेल्यावर रॅममधलं काम का जातं आणि डिस्कवरचं का राहतं?
3. संगणक सावकाश चालत असेल तर रॅम वाढवावी की एसएसडी बसवावी? कोणत्या वेळी काय, हे कारणासह सांगा.
4. अनेकांच्या कामाला एकाचंच नाव मिळालं, असं तुमच्या वर्गातल्या प्रकल्पात कधी झालं का? नावं कशी लिहायला हवी होती?